हासलं तं चालते काय? – कॅन्सर आणि विनोद यांच्या ओळखीचा इतिहास

गेल्या उन्हाळ्यात वडनेर भोलजीच्या जवळच्याच एका खेड्यातून एक बाई दवाखान्यात आल्या होत्या. वय पंचावन्नच्या आसपास. स्तनाच्या कॅन्सरचे ऑपरेशन होऊन महिना उलटलेला आणि केमोथेरपीचा पहिला डोस नागपूरला घेऊन आलेल्या. सोबत सून होती. ताप नाही ना, जखम कोरडी आहे ना, रक्ताचा रिपोर्ट कसा आहे, हे सगळे पाहून झाले. बाई दारापर्यंत गेल्या, परत फिरल्या आणि हळूच विचारले, "डॉक्टरसाहेब, हासलं तं चालते काय?"

मला वाटले टाके ओढत असतील. म्हणून मी सांगितले की हसू, खोकला किंवा शिंक आली तर उशी छातीशी धरून हलकेच दाबायची, म्हणजे दुखणे कमी होते. सल्ला बरोबर होता, पण प्रश्न तो नव्हताच. सुनेने खुलासा केला. शेजारची बाई भेटायला आली होती, तिने आपल्या म्हशीची काहीतरी गंमत सांगितली आणि सासूबाई खदखदून हसल्या. ओसरीवर बसलेल्या नणंदेला ते खटकले. "एवढी मोठी बिमारी हाये अन् हे हासून राह्यली," असे ती म्हणाली. तेव्हापासून बाईंनी चारचौघांत हसणे बंद केले होते. त्या माझ्याकडे चक्क परवानगी मागत होत्या.

"हसा, खुशाल हसा," असे म्हणून मी पुढचा पेशंट बोलावला. ओपीडीत तेवढाच वेळ असतो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. आजारी माणसाने हसू नये हे कोणी ठरवले आणि केव्हापासून? कॅन्सरच्याच बाबतीत हा नियम इतका कडक का? त्यानंतर जे वाचले आणि जे जुने आठवले ते आज लिहितो आहे. आपले नेहमीचे लेख आजार-लक्षणे-उपचार असे असतात. आजचा थोडा इतिहासाच्या अंगाने जाणार आहे.

दवाखान्यात गोष्टी सांगणारे

सुरुवात आपल्याच घरातून करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पंधराव्या अध्यायात रुग्णांसाठीचे घर कसे असावे याचे वर्णन आहे. घर मजबूत असावे, हवा खेळती असावी पण अंगावर झोत येऊ नये, धूर-धूळ-ऊन नसावे, पाण्याची, स्वयंपाकाची, शौचाची सोय असावी. पुढे सेवक कसे असावेत ते येते. आणि त्याच यादीत, उखळ-मुसळ आणि दुभत्या गाईच्या शेजारी, गाणारे, वाद्ये वाजवणारे आणि कथा-आख्यायिका सांगण्यात तरबेज असलेले लोक येतात. त्यांना रुग्णाच्या मनातले ओळखता आले पाहिजे, अशीही अट आहे. आजच्या हॉस्पिटलच्या मान्यतेच्या नियमांत आग विझवण्याचे सिलिंडर किती असावेत हे असते, पण गोष्ट सांगणारा किती असावा हे नसते.

युरोपातही चौदाव्या शतकातील फ्रेंच शल्यचिकित्सक आंरी द माँदव्हिल याने सर्जनला बजावले होते की रुग्णाला आनंदात ठेवणे हे तुझे काम आहे, नातेवाइकांना त्याच्याजवळ बसू दे आणि कोणीतरी त्याला विनोद सांगत राहू दे. भूल देण्याचे शास्त्र जन्माला यायला तेव्हा पाचशे वर्षे बाकी होती. त्यामुळे या सल्ल्यात थोडी लाचारीही असावी असा मला संशय आहे.

आपल्या विदर्भातले एक उदाहरण मात्र मनाला चटका लावते. राम गणेश गडकरी शेवटच्या आजारपणात नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला होते. आजार कॅन्सर नव्हे, क्षय. पण त्या काळी क्षयाचे नाव आजच्या कॅन्सरसारखेच दबक्या आवाजात घेतले जाई, आणि औषध तर नव्हतेच. २३ जानेवारी १९१९ रोजी वयाच्या ३३व्या वर्षी ते गेले. जाण्याच्या थोडा वेळ आधीपर्यंत ते 'भावबंधन' पूर्ण करत होते. ज्यांनी ते नाटक पाहिले किंवा वाचले आहे त्यांना कामण्णा आठवत असेल. श्वास पुरत नसलेल्या माणसाने कामण्णाचा धुमाकूळ लिहावा याचे एक डॉक्टर म्हणून मला फार नवल वाटते. क्षयाच्या शेवटच्या टप्प्यात दोन वाक्ये सलग बोलताना माणूस कसा दमतो हे मी वॉर्डात पाहिले आहे.

कुजबुजीचा आजार

मग कॅन्सरच्या खोलीतून हसणे हद्दपार कसे झाले? माझ्या मते त्याचे मुख्य कारण दुःख हे नसून गुप्तता हे आहे. विनोदाला दोन माणसे लागतात आणि दोघांनाही एकच गोष्ट ठाऊक असावी लागते. जिथे रुग्णापासून आजार लपवला आहे, तिथे खाटेवरच्या माणसाने काही गमतीचे म्हटले तरी भोवतालचे लोक दचकतात. याला कळले की काय, असे त्यांना वाटते.

हे केवळ आपल्या खेड्यापाड्यांतले नाही. १९६१ साली डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोतल्या एका हॉस्पिटलच्या डॉक्टरांना विचारले होते, तुम्ही रुग्णाला कॅन्सर झाल्याचे सांगता का? नव्वद टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. हाच प्रश्न १९७९ मध्ये अमेरिकेत पुन्हा विचारला गेला तेव्हा सत्त्याण्णव टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत काटा पूर्ण उलटा फिरला. मधल्या काळात उपचार सुधारले होते आणि सांगण्यासारखे काहीतरी हाताशी आले होते.

आपल्याकडे परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. पण आमच्या भागात 'टाटाला नेलं' या दोन शब्दांचा अर्थ पुढची कित्येक वर्षे 'आता संपलं' असाच घेतला जाई. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली कॅन्सरनेच गेले. त्यांचे नाव आज नागपूरच्या कॅन्सर हॉस्पिटलला आहे. आमच्याकडचे लोक त्या हॉस्पिटलला नुसते 'तुकडोजी' म्हणतात. कॅन्सर हा शब्द टाळायचा ही आणखी एक सोय झाली. "कुठे चाललात?" "तुकडोजीले."

आजही दर महिन्याला एखादा मुलगा माझ्या केबिनमध्ये एकटा येतो, दार लोटून घेतो आणि म्हणतो, "साहेब, बाबाले सांगू नका." बाहेर बाकावर बाबा बसलेले असतात. त्यांनी फाइलवरचे हॉस्पिटलचे नाव वाचलेले असते. आत आल्यावर तेही हळूच म्हणतात, "पोराले सांगू नका मले माहीत हाये म्हणून." एका घरात दोन माणसे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत असतात. अशा घरात कसले हसणार?

फ्रॉइडचा जबडा

या विषयावर ज्याने सर्वांत खोल विचार केला तो माणूस स्वतः कॅन्सरचा रुग्ण होता, हे मला अलीकडेच नीट लक्षात आले. सिग्मंड फ्रॉइड. मनोविश्लेषणाचा हा जनक दिवसाला ढीगभर सिगार ओढायचा. १९२३ साली त्याच्या तोंडात, टाळूच्या बाजूला कॅन्सर निघाला. त्यानंतरच्या सोळा वर्षांत त्याच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. टाळू आणि जबड्याचा भाग काढल्यामुळे तोंडात एक मोठी कवळीसारखी तबकडी बसवावी लागे. ती बसवणे आणि काढणे हे रोजचे दिव्य होते. घरात तिला 'राक्षस' असे नाव पडले होते.

विनोद या विषयावर फ्रॉइडने १९०५ मध्ये एक आख्खे पुस्तक लिहिले होते. पण तोंडाचा कॅन्सर झाल्यावर, १९२७ साली, त्याने पुन्हा एक छोटा निबंध लिहिला. त्यात सोमवारी सकाळी फाशीला नेल्या जाणाऱ्या आणि आठवड्याच्या शुभारंभाचे कौतुक करणाऱ्या कैद्याचे त्याचे आवडते उदाहरण आहे. फ्रॉइडचे म्हणणे सोप्या भाषेत सांगायचे तर असे की, संकटात विनोद करणाऱ्या माणसाचे मन स्वतःच स्वतःचा बाप बनते. लहान मूल अंधाराला घाबरते तेव्हा बाप जसा म्हणतो की अरे, एवढेच ना, तसे ते मन आतल्या घाबरलेल्या मुलाला म्हणते. संकट खरे असते, ते नाकारलेले नसते, पण त्याच्यापुढे वाकायला नकार दिलेला असतो.

फ्रॉइडची चूकही सांगायला हवी. कॅन्सर झाल्यावरही त्याला सिगार सोडता आला नाही. आमच्या भागातल्या तंबाखू-गुटख्याच्या रुग्णांना मी हे मुद्दाम सांगतो. व्यसनापुढे जगाच्या मनाचा डॉक्टरही हरला होता, त्यामुळे तुम्हाला सोडवत नसेल तर लाज वाटून घेऊ नका आणि मदत मागा.

१९६४ : एक कविता आणि एक प्रोजेक्टर

१९६४ या एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. त्यातली एक जगाने डोक्यावर घेतली आणि दुसरी जवळजवळ विसरली गेली. मला विसरलेली जास्त मोलाची वाटते.

जे. बी. एस. हाल्डेन हे जगातले एक थोर जीवशास्त्रज्ञ. १९५७ साली इंग्लंड सोडून ते भारतात आले, येथील नागरिकत्व घेतले, सुती कुर्ता-पायजमा घालू लागले आणि शेवटी भुवनेश्वरला राहिले. १९६३ च्या अखेरीस त्यांना शौचावाटे रक्त जाऊ लागले. तपासणीत गुदाशयाचा कॅन्सर निघाला. लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि शौचासाठी पोटावर मार्ग काढावा लागला. हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या या माणसाने कॅन्सर ही मोठी गमतीची गोष्ट आहे अशा अर्थाच्या नावाची एक विनोदी यमकांची कविता लिहिली. ती 'न्यू स्टेट्समन' या साप्ताहिकात २१ फेब्रुवारी १९६४ ला छापून आली.

कविता इथे देत नाही, पण ती कशासाठी लिहिली ते सांगतो. शौचावाटे रक्त जाण्याबद्दल माणूस बोलत नाही. आजही नाही, तेव्हा तर नाहीच. मूळव्याध असेल म्हणून माणूस महिनोन् महिने काढतो. आमच्याकडे तर मूळव्याधीच्या जाहिरातीच्या पाट्या हायवेच्या दर दुसऱ्या लिंबाला ठोकलेल्या दिसतात. हाल्डेन यांना वाटले की या विषयावर लोकांना एकदा हसवले की त्यांची जीभ सुटेल आणि ते वेळेत डॉक्टरकडे जातील. कवितेत तपासणी आहे, ऑपरेशन आहे, पोटावरची पिशवी आहे आणि लाज मात्र कुठेही नाही. आरोग्यशिक्षणाचे इतके चांगले पत्रक मी सरकारी खात्याकडून आलेले कधी पाहिले नाही. याच सुमारास त्यांनी बीबीसीसाठी स्वतःचा मृत्युलेखही स्वतःच ध्वनिमुद्रित करून ठेवला.

हसण्याने कॅन्सर बरा झाला नाही. १ डिसेंबर १९६४ रोजी हाल्डेन भुवनेश्वरला गेले. देह त्यांनी काकीनाड्याच्या रंगराया मेडिकल कॉलेजला दिला होता.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. नॉर्मन कझिन्स हे एका मोठ्या साप्ताहिकाचे संपादक. १९६४ च्याच उन्हाळ्यात रशियाहून परतल्यावर त्यांचे सांधे आणि पाठीचा कणा जखडला. निदान झाले अँकायलोजिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्यांच्या सांध्यांची सूज. ते हॉस्पिटल सोडून हॉटेलात राहायला गेले, प्रोजेक्टर मागवला आणि मार्क्स बंधूंचे विनोदी चित्रपट पाहू लागले. दहा मिनिटे पोट धरून हसलो की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते, असा त्यांना अनुभव आला. सोबत क जीवनसत्त्वाचे मोठे डोसही चालू होते. ते बरे झाले. हा अनुभव त्यांनी १९७६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लिहिला आणि १९७९ मध्ये त्याचे पुस्तक आले. ते प्रचंड खपले.

आता गंमत पाहा. कझिन्स यांना कॅन्सर नव्हता. त्यांचा आजार चढ-उतार होणाऱ्या आजारांपैकी आहे, तो आपोआपही काही काळ शांत होऊ शकतो. आपल्या हसण्याने औषधांची गरज उरत नाही असे त्यांनी स्वतःही म्हटलेले नाही. पण गोष्ट तोंडोतोंडी फिरत गेली तशी बदलत गेली आणि आज माझ्या मोबाइलवर जो संदेश येतो त्यात 'हसण्याने कॅन्सर पळतो' असे लिहिलेले असते. ज्याला कॅन्सर होता, जो हसला आणि गेला, त्याची गोष्ट कोणी फॉरवर्ड करत नाही.

मुंबईची बाग

कझिन्स यांचे लिखाण मुंबईतल्या एका फॅमिली डॉक्टरच्या वाचनात आले. डॉ. मदन कटारिया. १३ मार्च १९९५ च्या सकाळी ते अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत गेले आणि चार लोकांना सोबत घेऊन त्यांनी पहिला हास्यक्लब सुरू केला. रोज कोणीतरी उभे राहून विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचे. साधारण दोन आठवड्यांत चांगले विनोद संपले. मग चावट आणि कोणाला तरी टोचणारे विनोद सुरू झाले आणि सभासद नाराज झाले. तेव्हा कटारियांनी विनोदच बाद केला. विनोदाशिवाय, व्यायाम म्हणून हसायचे, आणि एकमेकांच्या डोळ्यांत पाहून हसायचे म्हणजे खोटे हसू आपोआप खरे होते. यातून हास्ययोग जन्माला आला आणि आज तो जगभर पसरला आहे. पुण्यात विठ्ठल काटे यांच्या नवचैतन्य हास्ययोग परिवारामुळे तर तो बागाबागांत पोहोचला.

कॅन्सरच्या रुग्णाने हास्यक्लबात जावे का, असे मला विचारतात. जरूर जावे, पण वेळ पाहून. केमोच्या डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या दिवसांत गर्दीत जाणे टाळा, कोणाचा तरी खोकला तुमच्या अंगावर येईल. पोटाचे ऑपरेशन ताजे असेल किंवा कॅन्सर हाडांत उतरलेला असेल तर जोरजोरात हो-हो-हा-हा करण्याआधी आपल्या कॅन्सरतज्ज्ञांना विचारा.

आणि फायदा नेमका कोणता? ऑक्सफर्डचे रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना विनोदी चित्रफिती दाखवल्या आणि आधी-नंतर वेदना किती सोसता येते ते मोजले. खरोखर हसल्यावर सहनशक्ती वाढलेली दिसली आणि चार जणांत हसण्याला विशेष गुण होता. हे निरोगी लोकांवरचे प्रयोग आहेत. कॅन्सर रुग्णांवर जे काम झाले आहे ते छोटे आहे आणि त्यातून चिंता, थकवा, मनाची अवस्था यांत थोडा फरक पडल्याचे दिसते. गाठ लहान झाल्याचे दिसत नाही. मी रुग्णांना एवढेच आणि इतकेच सांगतो.

बादली आणि गोळी

विनोदाच्या इतिहासात एका औषधाचे नाव घ्यायलाच हवे. मी एमबीबीएस करताना ज्या वॉर्डात काम केले तिथे केमो चालू असलेल्या प्रत्येक खाटेखाली एक प्लॅस्टिकची बादली असे. सिसप्लॅटिन दिले की उलट्या सुरू व्हायच्या, त्या रात्रभर थांबत नसत. त्या खोलीत मी कोणाला हसताना पाहिले नाही आणि हसा असे कोणाला सांगायची हिंमतही झाली नसती. ऑनडॅनसेट्रॉन हे उलटीवरचे औषध १९९१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि काही वर्षांत आपल्याकडेही सर्रास मिळू लागले. आज माझ्या गावातल्या मेडिकलमध्ये ते मिळते. वॉर्डातल्या त्या बादल्या हळूहळू कमी झाल्या. विनोदाने उपचार सोपे झाले की उपचार सोपे झाले म्हणून विनोद सुचू लागला? माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. म्हणून रुग्णाचा चेहरा पडलेला दिसला तर त्याला विनोद सांगण्याआधी विचारा, मळमळते का, दुखते का, संडास होते का. पोट साफ नसलेल्या माणसाला पुलंसुद्धा हसवू शकणार नाहीत.

मी स्वतः यात एकदा ठेच खाल्ली आहे. जिभेच्या कॅन्सरचे ऑपरेशन झालेला एक ट्रकड्रायव्हर ड्रेसिंगसाठी यायचा. बोलता येत नव्हते, वहीत लिहायचा. वातावरण हलके करावे म्हणून मी म्हणालो, "आता काय, घरी बायकोचंच ऐकावं लागत असेल." त्याने मान फिरवली. पुढचे दोन ड्रेसिंग त्याने वही बाहेर काढलीच नाही. तिसऱ्या वेळी त्यानेच लिहून दाखवले, 'डॉक्टर, आता हॉर्न तुम्हीच वाजवा.' आम्ही दोघेही हसलो. विषय तोच होता, बोलणारा बदलला होता. त्या दिवसापासून मी आधी खाटेवरच्या माणसाची वाट पाहतो.

तोंडाच्या कॅन्सरवरून आणखी एक सांगून ठेवतो, कारण आमच्या भागात हाच सगळ्यात जास्त दिसतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पाणटपरीवर ती दिसत नाही. गुटखा-सुपारीने गालाची आतली कातडी कडक होत जाते, पट्टे तयार होतात आणि तोंड उघडेनासे होते. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. ही कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते. आपली मधली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर दाखवायला या. एका पोराच्या आईने मला सांगितले होते, "साहेब, हा आता पहिल्यासारखा तोंड उघडून हासत नाही." तिला वाटत होते पोरगा उदास आहे. त्याच्या तोंडात दोनच बोटे जात होती.

आनंद आणि आपली माणसे

आपल्या पिढीच्या मनात कॅन्सर आणि हसणे हे एकत्र आले ते १९७१ च्या 'आनंद' चित्रपटामुळे. हृषीकेश मुखर्जींचा हा चित्रपट मी दूरदर्शनवर पाहिला, शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून. रमेश देव आणि सीमा देव त्यात डॉक्टर कुलकर्णी आणि त्यांची पत्नी आहेत, ललिता पवार मेट्रन आहेत, त्यामुळे तो आम्हाला अर्धा मराठीच वाटायचा. त्या काळी रुग्णाला सांगायचे नाही हाच नियम असताना, या चित्रपटात सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत स्पष्ट आजार कोणाला माहीत असतो तर रुग्णाला. डॉक्टर चिडलेला आणि रुग्ण हसरा. पण या चित्रपटाने एक नुकसानही केले असे मला डॉक्टर म्हणून वाटते. आनंदला कधी उलटी होत नाही, तोंडात फोड येत नाहीत, बिलाची चिंता नसते. तो कायम हसतो. खऱ्या रुग्णाला रडायचाही हक्क आहे.

आपल्याकडचा खरा किस्सा हवा असेल तर राजकारण क्षणभर बाजूला ठेवून शरद पवारांचा घ्या. २००४ च्या निवडणुकीच्या धामधुमीत त्यांच्या तोंडाच्या कॅन्सरवर उपचार झाले. एका डॉक्टरने त्यांना सहा महिनेच उरले आहेत, महत्त्वाची कामे उरकून घ्या, असे सुचवले. आपण आजाराची काळजी करत नाही, तुम्हीही करू नका, असे त्यांनी त्या डॉक्टरलाच समजावले. हे ते जाहीर भाषणांतून सांगतात आणि त्याच दमात तंबाखू सोडा असेही सांगतात. सभागृह हसते. पण २०१५ मध्ये आर. आर. आबा पाटील तोंडाच्याच कॅन्सरने गेले, हेही त्याच महाराष्ट्राने पाहिले आहे.

आणि २०२४ हे वर्ष. १० ऑगस्टला विजय कदम गेले. 'विच्छा माझी पुरी करा'तला हवालदार त्यांनी गावोगाव नेला होता. १४ ऑक्टोबरला अतुल परचुरे गेले. 'व्यक्ती आणि वल्ली'त ज्यांनी पुलंच्या हयातीत, पुलंसमोर पुलं उभे केले ते परचुरे. दोघांनाही कॅन्सर होता. परचुरे यांनी २०२३ मध्ये मुलाखतींतून स्वतःच्या आजाराबद्दल मोकळेपणाने सांगितले होते. परदेशी सहलीत अन्न जाईनासे झाले, मळमळू लागले, मग सोनोग्राफी करताना डॉक्टरांच्या डोळ्यांत भीती दिसली, यकृतात पाच सेंटिमीटरची गाठ निघाली, हे सगळे एखादा नट प्रसंग रंगवतो तसे नीट क्रमाने. आम्ही डॉक्टर तोंडाने काही बोललो नाही तरी आमचे डोळे काय बोलून जातात, हे मला त्या मुलाखतीतून पुन्हा कळले. शेवटपर्यंत ते रंगभूमीवर परतायच्या तयारीत होते.

उभ्या महाराष्ट्राला हसवणारी ही दोन माणसे दोन महिन्यांच्या अंतराने गेली. हसण्याने कॅन्सर बरा होत असता तर हे दोघे पहिल्यांदा बरे झाले असते. हे मी कडवटपणे लिहीत नाही. लिहितो ते अशासाठी की रुग्ण गेल्यावर 'त्याने मन खंबीर ठेवलं नाही' असे म्हणणारे लोक मला दहाव्याच्या बैठकीत भेटतात. असे म्हणणे क्रूर आहे आणि शास्त्राच्या दृष्टीने चूकही आहे. ज्याला हसू आले नाही त्याचा काही गुन्हा नाही.

विदर्भातून टाटाला जाणारे अनेक रुग्ण मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. आमच्याकडचे लोक नांदुरा किंवा मलकापूरला गाडीत बसतात, गाठोड्यात भाकरी, ठेचा आणि रिपोर्टची फाइल. परत आलेले रुग्ण तिथल्या ज्या हकिगती सांगतात त्यात ऑपरेशनपेक्षा गमतीच जास्त असतात. कोण कोणाच्या विगवर बसला, बंगाली शेजाऱ्याने ठेचा चाखून कसा नाच केला, फाइल बदलून एका बाप्यावर बाईचे रिपोर्ट कसे निघाले. तिथे सगळ्यांना तोच आजार असतो, त्यामुळे कोणी कोणापासून लपवत नाही.

ज्यांच्या नावाने ती वास्तू आहे ते गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारायचे, वऱ्हाडीत टोले द्यायचे, कर्ज काढून जेवणावळी घालणाऱ्यांची आणि देवाला बकरे कापणाऱ्यांची खिल्ली उडवायचे आणि समोरचे हजार लोक स्वतःलाच हसायचे. एकदा कीर्तन चालू असताना मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली. कीर्तन थांबले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

त्या बाई चौथ्या डोसनंतर पुन्हा आल्या. डोक्याला रुमाल बांधलेला, भुवयाही गेलेल्या. हिमोग्लोबिन नऊच्या वर होते, पांढऱ्या पेशी ठीक होत्या. मी विचारले, "काही त्रास?" म्हणाल्या, "तरास नाही, फायदाच झाला. आता भाजीत केस निघाला का सून सापडते, मी सुटली." सून तोंडावर हात ठेवून हसत होती. या वेळी नणंदही सोबत होती. ती हसली नाही, खिडकीबाहेर बघत राहिली. पण पदराचे टोक तिने तोंडात घट्ट धरलेले होते.